उणे पस्तीसचा बर्फ

मी रणगाडा बोलतोय. दचकून मागे सरायचं कारण नाही. नाकापासून शेपटीपर्यंत मी तेरा सेंटिमीटर भरतो, आणि माझ्या तोफेतून आजवर एकदाच काहीतरी बाहेर पडलंय, तो म्हणजे डिंकाचा थेंब. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा मी. पस्तीस हा आकडा माझ्या पत्रिकेतच असावा, कारण पुढे सगळा घोळ त्यानंच घातला.

माझा जन्म खोक्यात झाला. तुमचे हातपाय जन्मताना निदान जागच्या जागी असतात. मी आलो तो करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेल्या तीनशे सोळा तुकड्यांत. चाकं एका चौकटीत, तोफ दुसरीत, आणि माझ्या झाकणातून डोकं काढणारा माणूस तिसरीत, तोही मुंडकं वेगळं आणि धड वेगळं. खोक्यावर माझं चित्र मात्र असं झोकदार होतं की दुकानाच्या फळीवर दोन वर्षं मी त्याच्याच भरवशावर काढली.

मला घेतलं ओर्वोक्कीनं. तिचा नवरा वेइयो टोलोनेन रस्ते खात्यातून निवृत्त झाला होता. चौतीस हिवाळे त्यानं कायानी या फिनिश गावाभोवतालच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला. आता तो घरात बसून खिडकीतून दुसऱ्यांनी ढकललेला बर्फ बघायचा आणि नावं ठेवायचा. ओर्वोक्कीनं आठवडाभर ऐकून घेतलं, मग दुकानात जाऊन मला आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"हे घे. आणि यापुढे त्या नव्या ड्रायव्हरबद्दल एक शब्द नको."

"तो फाळ फार वर धरतो," वेइयो म्हणाला.

"हा एक झाला. आता बास."

तर असा मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलो. वेइयोचे हात म्हणजे फावडी. त्या हातांत चिमटा आणि चिमट्यात माझा तांदळाएवढा बोल्ट, हे दृश्य बघून मला पहिल्यांदा घामच फुटला. पण माणूस सावकाश होता, आणि सावकाश माणसाच्या हाती पडणं हे आम्हां खेळण्यांचं नशीब. (मला खेळणं म्हटलेलं वेइयोला चालत नाही. मी म्हटलं तर चालतं.)

दर गुरुवारी औलिस यायचा. औलिस मोइलानेन, दोन गल्ल्या सोडून राहणारा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. हा वेइयोचा बर्फाच्या गाडीतला जोडीदार. जुन्या गाडीत दोघं लागत: वेइयो चाक धरायचा, औलिस शेजारी बसून बाजूच्या पात्याचा दांडा. चौतीस वर्षं दोघं एकाच काचेतून एकच रस्ता बघत बसले. गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप आणि त्यावर पॅनकेक, हे सगळ्या देशातच ठरलेलं. आमच्या घरी औलिसची खुर्चीही ठरलेली होती.

त्यांचं बोलणं म्हणाल तर असं.

"आलास."

"आलो."

मग सूप. मग कॉफी. मग वेइयो मला पुढे सरकवायचा, औलिस चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "हं." हे 'हं' चार प्रकारचं होतं, आणि चारही वेइयोला कळत.

कामाची वाटणी त्यांनी न बोलताच केली होती. गाड्या वेइयोनं करायच्या, माणसं औलिसनं. वेइयोला चेहरा रंगवता येत नसे. त्यानं एकदा एक सैनिक रंगवला तो दातदुखीनं हैराण झालेला दिसायचा. औलिस मात्र तीन केसांच्या कुंचल्यानं श्वास रोखून डोळे काढायचा, आणि माणूस असा बघू लागायचा की त्याला नाव विचारावंसं वाटावं. माझा माणूस तो ऑगस्टमध्येच घरी घेऊन गेला. "बर्फ झाला की सांग," म्हणाला, "मग त्याला कपडे घालीन." माझं झाकण तेव्हापासून उघडंच होतं.

मी जोडून झालो, हिरवा झालो, आणि मला वाटलं, चला, सुटलो. पण नाही. नवं कोरं करून झालं की मग जुनं करायचं, अशी या लोकांची रीत आहे. तुम्ही माणसं आयुष्यभर सुरकुत्या लपवता, पांढरे केस काळे करता. आणि तुमच्यातलेच काही जण महिनामहिना खपून माझ्या अंगावर गंज, ओरखडे, तेलाचे डाग आणि चिखल चढवतात. आणि तो नीट वठला की हरखतात.

हिवाळ्यात खऱ्या रणगाड्यावर, तो बर्फात दिसू नये म्हणून, चुन्याचा पांढरा हात मारत, आणि तो महिन्याभरात जागोजागी उडे. तसा उडालेला दिसावा म्हणून आधी हिरव्या रंगावर केसांचा फवारा मारायचा, मग पांढरा रंग, मग ओल्या कुंचल्यानं घासायचं, की पांढरा टवके निघून उडतो. वेइयोच्या डोक्यावर एक केस नाही. तो दुकानात केसांचा फवारा घ्यायला गेला तेव्हा गल्ल्यावरची बाई त्याच्या टाळूकडे बघत म्हणाली, "आशा सोडू नये माणसानं." वेइयोनं घरी येऊन हे सांगितलं नाही. ओर्वोक्कीला त्या बाईनंच सांगितलं.

ओर्वोक्कीच्या स्वयंपाकघरातून हळूहळू वस्तू जाऊ लागल्या. आधी पिठाची बारीक चाळणी, मग दात कोरायच्या काड्या, मग केक भाजायचा ट्रे. शेवटी खायच्या सोड्याचा डबा गेला, आणि माझ्या दुर्दैवाला तिथून सुरुवात झाली.

वेइयोला बर्फ करायचा होता. आता, ज्यानं आयुष्यभर बर्फ ढकलला त्यानं बर्फ कसा असतो हे कुणाला विचारावं? पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यानं कम्प्युटर उघडला आणि कुठल्याशा उबदार देशातल्या एका हसऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला. त्या देशात बर्फ चार वर्षांतून एकदा पडत असेल, आणि पडला की शाळांना सुट्टी. तो माणूस म्हणाला, सोडा घ्या, पांढरा डिंक घ्या, पाणी घाला, कालवा, लावा. वेइयोनं घेतलं, घातलं, कालवलं, लावलं. माझ्या चाकांभोवतीच्या साखळीसारख्या पट्ट्यांत गोळे बसले, चाकांमागे ढेकळं लोंबली, पाठीवर थर चढला. माझ्याखालच्या लाकडी फळीवर रस्ता झाला, कडेला सुक्या काटक्यांचे भूर्जवृक्ष उभे राहिले. मला सांगायला लाज नाही, मी फार देखणा दिसत होतो.

मग त्यानं पितळी पट्टी केली. खोक्यावरच्या चित्रात मी रशियन होतो. वेइयोच्या टेबलावर मी फिनिश झालो, शत्रूकडून हिसकावून घेतलेल्यांतला एक. माझं मत कुणी विचारलं नाही, पण जिथं कॉफीचा वास येतो तो पक्ष बरा. वेइयोचे वडील रशियनांशी झालेल्या युद्धाच्या हिवाळ्यात पूर्वेकडच्या रस्त्यावर लढले होते. घरी आल्यावर त्यांनी त्या युद्धाबद्दल उभ्या आयुष्यात एकच वाक्य सांगितलं: "उणे पस्तीस होतं." म्हणून वेइयोनं पट्टीवर कोरलं: 'पूर्वेचा रस्ता, जानेवारी १९४०, उणे ३५ अंश.' ही पट्टी त्यानं तीनदा पुसली आणि तीनदा माझ्यापुढे ठेवून बघितली.

नोव्हेंबरात ग्रंथालयाच्या मागच्या दालनात माझ्यासारखे नमुने जोडणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. विमानं, जहाजं, आणि मधल्या टेबलावर मी. लोक वाकून बघत होते, "वा, चुना काय उडालाय" म्हणत होते. वेइयो माझ्याशेजारी हात मागे बांधून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही नसलं तरी त्याचे बूट खूश होते. सारखे टाचांवर वरखाली होत होते.

औलिस आला. चष्मा कपाळावर चढवला. पट्टी वाचली. मग माझ्या पट्ट्यांतले गोळे बघितले. मग परत पट्टी वाचली. आणि म्हणाला, "नुओस्का."

बस, एवढंच. नुओस्का म्हणजे आमच्याकडचा ओलसर, चिकट बर्फ. शून्याच्या आसपास हवा असली की पडतो, त्याचे लाडू वळतात, पोरं त्याची बाहुली करतात. उणे पस्तीसला असा बर्फ नसतो. तेव्हा बर्फ कोरडा ठाक, बारीक रव्यासारखा. मुठीत धरला तर बोटांतून सांडतो. माझ्या चाकांना लोंबणारी ढेकळं त्या थंडीत शक्यच नव्हती, आणि हे त्या दालनातल्या प्रत्येकाला शेंबड्या वयापासून माहीत होतं. औलिसनं म्हणेपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं, इतकंच.

मागे कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, "चौतीस वर्षं बर्फाच्या गाडीवर होता ना हा?" मग पुष्कळ जण हसले. हौसेनं तापमान कोरून वेइयोनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. त्याचे कान लाल झाले. त्यानं मला उचललं, काखोटीला मारलं आणि प्रदर्शन संपायच्या आधी घरी आला. वाटेत माझा एक भूर्जवृक्ष मोडला.

औलिसनं खोटं काहीच म्हटलं नव्हतं. पण खरं बोलायला टेबलावर गुरुवारची जागा होती, ते चारचौघांत बोलायची गरज नव्हती. मला त्याचा तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा आहे.

त्या दिवसापासून दोघांत अबोला. आता हे दोघं आधीच दिवसाला सात शब्द बोलणारे. त्यामुळे त्यांनी अबोला धरलाय हे ओर्वोक्कीला कळायला तीन आठवडे लागले. पहिल्या गुरुवारी तिला वाटलं औलिसला सर्दी झाली. दुसऱ्या गुरुवारी वाटलं मासे धरायला गेला. तिसऱ्या गुरुवारी तिनं सुपाचं पातेलं टेबलावर आपटलं.

"औलिस कुठाय?"

"घरी असेल."

"भांडलात?"

"नाही."

"बोललात?"

"नाही."

"म्हणजे भांडलात," ती म्हणाली.

वेइयोनं मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तोंड बाहेर करून. मला वाटतं त्याला माझं तोंड बघवत नव्हतं. झाकण उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. रिकाम्या झाकणाचा रणगाडा म्हणजे दार सताड उघडं टाकून सगळे निघून गेलेलं घर. मला फार एकटं वाटायचं, ते मी इथं स्पष्टच सांगतो.

नाताळनंतर औलिसची मुलगी किर्सी आली. ती औलूला राहते, आगगाडीनं दोन-अडीच तास. कॉफीचा कप हातात धरून ती म्हणाली, "काका, बाबांनी सांगितलंच असेल."

"काय?"

"ते माझ्याकडे येतायत. म्हणजे माझ्या इमारतीतच, खालचा फ्लॅट. गुडघा जिना चढू देत नाही आता, आणि डोळ्यांचंही तसंच. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सामानाची गाडी येईल."

वेइयो म्हणाला, "हो. सांगितलंय त्यानं."

खोटं बोलताना तो कपाकडे बघतो. किर्सी गेल्यावर ओर्वोक्कीनं सगळे कप अजिबात आवाज न करता विसळले, आणि ती आवाज करत नाही तेव्हा घरातली घड्याळंसुद्धा जपून चालतात. शेवटी ती म्हणाली, "जाईल तो. आणि तुम्ही दोघं असे म्हातारे की फोनवर तुमचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. इथं नाही बोललात तर मेल्यावरच भेटाल."

"त्यानं यावं."

"त्याचा गुडघा दुखतो."

"प्रदर्शनात आला तेव्हा नाही दुखला."

आठवड्यातून तीनदा वेइयो दूध आणायला म्हणून निघायचा आणि उलट्या बाजूच्या गल्लीनं औलिसच्या घरावरून जायचा. दूध घरात उतू जायला लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाही. तो फाटकापर्यंत जायचा, चिमणीतला धूर बघायचा आणि परत यायचा. हे मला कसं कळलं? परत आला की तो मला सांगायचा. ओर्वोक्कीला नाही, मला. "धूर आहे," म्हणायचा.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात थंडी उतरली. सकाळी खिडकीबाहेरच्या तापमापकात उणे तेहतीस होतं. वेइयोनं कोट चढवला, टोपी घातली, ओर्वोक्कीचं मोठं पातेलं घेतलं आणि अंगणात गेला. मी काचेतून बघत होतो. त्यानं ओंजळभर बर्फ घेतला आणि दाबला. उघडली ओंजळ, सगळा सांडला. पुन्हा घेतला. पुन्हा सांडला. मग हातमोजे काढून उघड्या हातांनी दाबला. शहात्तर किलोचा निवृत्त माणूस अंगणात उभा राहून बर्फाचे लाडू वळत होता, आणि लाडू काही वळत नव्हते. समोरच्या बाईनं पडदा बाजूला केला, मग हळूच ओढून घेतला.

आत आला तेव्हा मिश्या पांढऱ्या झालेल्या. खुर्चीत बसला, बोटं काखेत घालून.

"तो बरोबर होता," म्हणाला.

"मग ते मला काय सांगतोस?" ओर्वोक्की म्हणाली. "मी होते का प्रदर्शनात?"

"चौतीस वर्षं, ओर्वोक्की. आणि मी व्हिडिओ बघितला."

तिला हसू आलं, पण ती चुलीकडे तोंड करून हसली. मग तिनं तोड काढली. "पट्टी बदल. मार्च लिही. मार्चमध्ये बर्फ चिकटतो. लोक बोलायचे बंद होतील आणि तुला मेहनतही नाही."

वेइयोनं मला हातात घेतलं आणि पितळेवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "बाबांनी एकच गोष्ट सांगितली मला," तो म्हणाला. "ती कशी बदलू?"

मग माझी आंघोळ निघाली. सोड्याचा बर्फ काढायला त्यानं व्हिनेगर वापरला. ज्यानं कधी सोड्यावर व्हिनेगर ओतलंय त्याला कळेल माझं काय झालं. मला फेस आला. पट्ट्यांतून, चाकांतून, तोफेखालून मी फसफसत होतो, आणि घरभर लोणच्याचा वास. ओर्वोक्की म्हणाली, "हा आता उडणार." मी उडालो नाही, पण चुना दोन जागी निघाला, आणि खरं सांगतो, आधीपेक्षा चांगला निघाला.

यावेळी त्यानं व्हिडिओ बघितला नाही. रोज सकाळी बाहेर जाऊन उकिडवा बसायचा. कोरड्या बर्फात बूट उमटला की कडा कशा राहतात, वाऱ्याच्या बाजूला थर कसा पातळ होतो, फांदीवर किती टिकतो, सगळं कागदावर मांडायचा. मग काचेची अगदी मऊ भुकटी आणून ओर्वोक्कीच्या चाळणीतून माझ्यावर सोडली. एक थर, वाळवायचं, दुसरा थर. पट्ट्या कोरड्या, स्वच्छ, फक्त सांध्यांत पांढरी धूळ. हे सगळं करायला पाच आठवडे लागले. झालं तेव्हा मला स्वतःलाच थंडी वाजली.

शेवटचा शनिवार आला. ओर्वोक्कीनं मला केकच्या झाकणाच्या डब्यात बसवलं, वेइयोनं डबा घसरगाडीच्या (बर्फावरची खुर्चीच ती, मागे उभं राहून पायानं ढकलायची) पुढच्या बैठकीवर बांधला, आणि तो एक पाय मागे मारू लागला तसे आम्ही निघालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी बर्फावरून गेलो, तेही केक म्हणून.

औलिसच्या दारात सामानाची गाडी उभी होती. किर्सी खोकी मोजत होती. औलिस पायरीवर उभा, कोटाची बटणं लावलेली, हातात काठी. वेइयोनं दोरी सोडली, डबा पायरीवर ठेवला, झाकण काढलं.

"आलास," औलिस म्हणाला.

"आलो."

मग वेइयो म्हणाला, "बघ."

औलिस वाकला. चष्मा वर चढवला नाही, आता चढवून उपयोग नव्हता. त्यानं मला अगदी डोळ्यांजवळ नेलं. त्याचा श्वास माझ्यावर आला. पट्ट्या बघितल्या, फांद्या बघितल्या, रस्त्यावरची चाकोरी बघितली. सामानवाला म्हणाला, "काका, निघायचं का?" औलिसनं मला फिरवून दुसऱ्या बाजूनं बघायला घेतलं.

"बदललास," औलिस म्हणाला.

"बदलला."

"सगळा?"

"सगळा."

औलिसचा चेहरा पडला. मला कळेना, पाच आठवड्यांच्या बर्फावर असा चेहरा? त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून काड्यापेटी काढली आणि वेइयोच्या हातात दिली. वेइयोनं ती उघडली. कापसात माझा माणूस होता.

काय माणूस होता तो. हसरा, गाल लालबुंद, डोळे किंचित मिटलेले. पण डोक्यावर टोपी नाही. कोट पुढून सताड उघडा. हातमोजे काढून कमरेच्या पट्ट्यात खोचलेले.

"तुझा बर्फ ओला होता," औलिस म्हणाला. "म्हटलं, मी प्रदर्शनात बोलायला नको होतं. म्हटलं, हवाच बदलू. मार्चमधला केला त्याला. टोपी होती, ती कापून काढली. केस रंगवायला दीड महिना लागला, दिसत नाही रे आता."

वेइयो पेटीकडे बघत राहिला. "मी जानेवारी केला," म्हणाला.

"दिसतंय."

"उणे पस्तीस."

"दिसतंय म्हटलं ना."

दोघंही पायरीवर बसले. एकानं दुसऱ्यासाठी बर्फ बदलला, दुसऱ्यानं पहिल्यासाठी माणूस बदलला, आणि आता दोन्हींचा मेळ बसत नव्हता. चार महिने न बोलता दोघांनी मिळून जेवढी चूक केली तेवढी बोलून कधीच झाली नसती. मला रडू आलं असतं, पण रंग गेला असता.

"बसव तर खरं," औलिस म्हणाला. "मला भोक दिसायचं नाही."

वेइयोनं माणूस उचलला आणि माझ्या झाकणात उतरवला. टक्क बसला. सात महिन्यांनी माझ्या पोटात कुणीतरी आलं.

किर्सी खोकं खाली ठेवून जवळ आली. तिनं पट्टी वाचली. "बाबा, उणे पस्तीसमध्ये हा बोडका? मरेल की."

तेवढ्यात ओर्वोक्की मागून पोचली, हातात कॉफीचा थर्मास. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

"मरेल कशाला," ती म्हणाली. "सौनातून आलाय. गाल बघ ना त्याचे."

आता आमच्याकडे हे कुणाला समजवावं लागत नाही. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत घाम गाळायचा आणि तसंच गरम अंगानं बर्फात येऊन उभं राहायचं, हे इथं दूधपितं पोरही जाणतं. त्या युद्धातही पलटण जिथं चार दिवस थांबली तिथं तिनं आधी सौना उभी केली. औलिसनं मला पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. वेइयोनं बोटानं फळीची रिकामी कड मोजली.

"डाव्या हाताला जागा आहे," वेइयो म्हणाला.

"सौना लाकडाची लागेल. ओंडक्यांची."

"ओंडके मी करतो. धूर मला जमत नाही. माझा धूर कापसासारखा दिसतो."

"कारण तू कापूस लावतोस." औलिसनं काठी सावरली. "धूर मी करीन. पण त्यासाठी मला यावं लागेल."

"ये की. नाहीतर मी येतो. गुरुवारी सकाळी गाडी आहे."

"दोन आहेत," ओर्वोक्की म्हणाली. "मी वेळ बघून ठेवलीय."

'माफ कर' हा शब्द त्या पायरीवर कुणी उच्चारला नाही. इथं तो असाच उच्चारतात.

याला तीन वर्षं झाली. मी आता एक महिना कायानीला खिडकीच्या कट्ट्यावर असतो आणि एक महिना औलूला औलिसच्या कपाटावर. गुरुवारच्या गाडीत केकच्या डब्यात बसून जातो. त्या डब्यात एकदा तिकीट तपासनिसानं डोकावून बघितलं आणि न बोलता मला जागा करून दिली. किर्सी चांगली आहे, पण तिच्याकडे एक पिसांचा झाडू आहे. तुम्हांला हात जोडून विनंती, माझ्यासारख्या कुणाच्या अंगावर धूळ दिसली तर फुंकर मारू नका. ती कुणीतरी महिनाभर खपून बसवलेली असते.

आणि आणखी एक. मंडळवाले दर नोव्हेंबरात विचारतात, "टोलोनेन, यंदा आणताय ना? झाली का ती सौना?" असं विचारू नये. कुणाच्या टेबलावर अर्धवट काम दिसलं तर ते कधी पुरं होणार हे त्याला विचारू नका. बघा, छान आहे म्हणा, कॉफी प्या आणि निघा.

आजमितीला सौनेचे दहा ओंडके बसलेत. मागच्या गुरुवारी वेइयोनं अकरावा बसवला. औलिसला आता फारसं दिसत नाही. त्यानं बोटानं चाचपला, वरून खाली, खालून वर.

"वाकडा आहे," म्हणाला.

वेइयोनं लगेच तो उपटून काढला आणि खुशीत दुसरी काटकी तासायला घेतली.